फुटलेल्या वस्तूंची यादी

ज्या बाईमुळे माझी प्रयोगशाळा आजच्या घडीला तरी माझ्याकडे आहे, तिला पहिल्याच भेटीत मी दारातून परत पाठवलं होतं. परत पाठवलं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. वर कडीही घातली.

मंगळवार होता. नववीचा तास संपवून मी टेबलावरचे लिटमसचे कागद गोळा करत होतो. एकदा वापरलेला लिटमस पुन्हा फारसा कामाचा नसतो हे विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला माहीत आहे, पण टाकवत नाही. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशी-पस्तिशीची, आणि खांद्याला एवढी मोठी बॅग की आधी बॅग आली आणि मागून बाई, असं वाटावं.

"सर, पाच मिनिटं मिळतील?"

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत मोठी बॅग घेऊन जो येतो तो गाईड विकायला येतो, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. मी म्हणालो, "मॅडम, आम्ही गाईड लावत नाही. मुलांना घ्या म्हणून सांगतही नाही. आणि नमुना प्रत ठेवून जाऊ नका, मागच्या वर्षीच्या अजून पडून आहेत."

मग ते दार आणि ती कडी.

दहा मिनिटांनी शिपाई वर आला. आमचा शिपाई आधी माणसाचा चेहरा बघून घेतो आणि मग त्या चेहऱ्याला शोभेल असा निरोप देतो. "सर, मोठ्या बाईंनी बोलावलंय. तुमी कुनाला तरी भायेर काढलं म्हनं."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या केबिनमध्ये ती बॅग एका खुर्चीवर आणि बाई शेजारच्या खुर्चीवर बसली होती, चहा पीत.

"सर, यांची संस्था विज्ञान शिक्षकांना प्रशिक्षण देते," मोठ्या बाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या. "पाच दिवसांचं. शिवाय शाळेला प्रयोगाचं साहित्य देणार आहेत. विनामूल्य."

ती बाई उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "सर, नमुना प्रत आणलेली नाही."

मी हसलो. न हसून काय करतो? पण खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्या शेवटच्या शब्दापाशी अडकलो होतो. विनामूल्य. आमच्या भागात फुकट मिळणाऱ्या गोष्टी दोनच, एक सल्ला आणि दुसरं निवडणुकीच्या आधीचं कॅलेंडर. दोन्ही देणारा नंतर काहीतरी मागायला येतो.

आणि नेमकं त्या दिवसांत माझ्याकडे मागण्यासारखं काहीतरी होतं.

आमची शाळा करी रोडची, मराठी माध्यमाची. गिरणी कामगारांच्या मुलांसाठी बांधलेली. एके काळी एका इयत्तेच्या चार-चार तुकड्या होत्या, आता एकेक उरली आहे. समोर उभ्या राहिलेल्या टॉवरांमधली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून दुसरीकडे जातात. त्या बस आमच्याच फाटकासमोर वळतात, म्हणजे न येणारी मुलं आम्हाला रोज सकाळी बघायला मिळतात. शाळेतली सगळ्यात मोठी खोली म्हणजे माझी प्रयोगशाळा. दुसरा मजला, दोन बाजूंना खिडक्या, सागवानी लांब टेबलं आणि प्रत्येक टेबलाला चिनी मातीचं बेसिन. पाच बेसिनांपैकी दोनांना पाणी येतं. तरीही अशी खोली आता कोणी बांधणार नाही.

शाळा उघडल्यावरच्या पहिल्याच सभेत शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या माणसांचा निरोप वाचून दाखवला गेला होता. एका खाजगी क्लासवाल्यांना ती खोली हवी होती. "प्रयोगशाळेचा वापर किती होतो ते बघून दिवाळीनंतर निर्णय घेऊ. प्रयोग हल्ली पडद्यावरही दाखवता येतात." मला स्टाफरूममध्ये एक कपाट मिळेल, असंही होतं. तेही अर्धं. खालचे दोन कप्पे चित्रकलेच्या सरांचे.

अशा वेळी ही बाई आली, म्हणाली प्रयोगशाळा बघू या, वर आली, सगळीकडे नजर फिरवली आणि बॅगेतून मोजपट्टी काढून तिने माझं टेबल मोजलं. नुसतं टेबल नाही. टेबलापासून भिंत. भिंतीपासून खिडकी.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"खोकी मोठी आहेत सर. कुठे राहतील ते बघते."

हे मी गणिताच्या सरांना सांगितलं. ते लालबागचे, माझ्याच वयाचे, आणि शिक्षक खोलीतल्या सगळ्या वाईट बातम्या सगळ्यात आधी त्यांना सुचतात. त्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"टेप लावली?"

"लावली."

"मग संपलं तुझं. आमच्या चाळीत पण आधी टेप घेऊन दोन पोरं आलेली. म्हणाली, काका, काही नाही, नुसतं मोजतोय. आज तिथे वर बघितलं तर टोपी पडते."

त्या दिवशी मी ठरवलं की प्रशिक्षणाला जायचं, पण शिकायला नाही. लक्ष ठेवायला.

प्रशिक्षण माटुंग्याला एका कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. सरकारी प्रशिक्षणं मी इतकी केली आहेत की त्यांचे नियम मला पाठ आहेत. सकाळी सही करायची, पंख्याखालची खुर्ची धरायची, समोरचा माणूस 'ज्ञानरचनावाद' म्हणाला की मान हलवायची, वडा खायचा, संध्याकाळी परत सही करायची. इथे पहिल्याच तासाला त्या बाईने खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या आणि चाळीस शिक्षकांना जमिनीवर गोल करून बसवलं. माझे गुडघे तेव्हापासूनच तिच्या विरोधात गेले.

मध्ये एक ताटली, ताटलीत रंगीत पाणी, पाण्यात एक पेटती मेणबत्ती. तिने वर काचेचा ग्लास उपडा घातला. मेणबत्ती विझली आणि पाणी ग्लासात चढलं. हा प्रयोग मी दरवर्षी करतो. डोळे मिटून करतो म्हटलं तरी चालेल.

"पाणी का चढलं?" तिने विचारलं.

कोणी बोलेना, म्हणून मी बोललो. बसल्याबसल्या नाही, सवयीने उठून. "मेणबत्तीने आतला ऑक्सिजन संपवला. हवेत साधारण एक पंचमांश ऑक्सिजन असतो. तेवढी जागा पाण्याने घेतली."

"किती वर्षं शिकवताय, सर?"

"बावीस."

"छान. आता एकीच्या जागी चार मेणबत्त्या लावू. ग्लास तोच."

तिने चार लावल्या आणि ग्लास घातला. पाणी पहिल्यापेक्षा किती तरी वर गेलं.

"मग चार मेणबत्त्या लावल्या की ग्लासातला ऑक्सिजन वाढतो का?"

दादरच्या एका शाळेतल्या बाई माझ्याकडे बघत होत्या, कारण उत्तर मी दिलं होतं. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "मेणबत्त्या कोणत्या कंपनीच्या आहेत?"

लोक हसले. ती हसली नाही, म्हणाली, "परत करू. या वेळी ग्लासाच्या कडेकडे बघा." बघितलं. ग्लास घालताना कडेखालून बुडबुडे बाहेर पडत होते. तापलेली हवा फुगून निसटत होती. मेणबत्त्या विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसत होती आणि पाणी तिची जागा घेत होतं. चार मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, जास्त बुडबुडे, जास्त पाणी. ऑक्सिजनचं माझं गणित एवढं नीटनेटकं होतं की ते बुडबुडे मला बावीस वर्षांत एकदाही दिसले नव्हते.

कोणीही मोठ्या मनाचा माणूस इथे म्हणाला असता, वा, काहीतरी शिकलो. मी काय विचार केला ते सांगतो. मी विचार केला, हा सापळा होता. चाळिसातल्या कोणाला काय येत नाही ते बघायचं आणि वर कळवायचं. कारण मी खाली बसताच तिने एक निळी वही उघडली आणि काहीतरी लिहिलं.

त्या निळ्या वहीवर माझा पाचही दिवस डोळा होता. कोणी काही म्हटलं की ती लिही. चहाच्या वेळी ती वही टेबलावर ठेवून गेली तेव्हा मी साखर घ्यायच्या निमित्ताने तिकडे सरकलो. वही बंद होती, आणि साखर माझ्या चहात आधीच दोनदा पडली होती.

शेवटच्या दिवशी साहित्याची यादी वाटली. भिंगं, चुंबक, मोजपात्रं, एक सूक्ष्मदर्शक, चंचुपात्रं, परीक्षानळ्या. तीन खोकी. "काही शंका?" तिने विचारलं.

मी हात वर केला. "यातलं काही फुटलं तर जबाबदार कोण?"

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. त्यात हसू नव्हतं. तो प्रश्न सगळ्यांचाच होता.

"चांगला प्रश्न आहे, सर," ती म्हणाली. आणि निळ्या वहीत लिहिला.

आता या प्रश्नामागची गोष्ट. शाळेत एक जाडजूड नोंदवही असते, डेडस्टॉकची. बाकापासून घंटेपर्यंत शाळेतली टिकणारी प्रत्येक वस्तू तिच्यात असते आणि वर्षाला एकदा वही समोर धरून सगळं मोजतात. मी लागलो त्या वर्षी दहावीच्या एका मुलाच्या हातून ब्युरेट पडली. बारीक नळीसारखी असते, उभी करताना जरा चुकलं की गेली. मी खुलासा लिहिला, 'प्रयोग चालू असता ब्युरेट फुटली.' तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "फुटली, फुटली काय? ती काय स्वतः उडी मारून फुटली? कोणी फोडली ते लिहा." तीनदा लिहून घेतलं. शेवटी मी त्या मुलाचं नाव लिहिलं. तो त्यानंतर प्रयोगशाळेत हात खिशात घालून उभा राहायचा.

त्यानंतर माझ्या हाताखाली काहीही फुटलं नाही. एक परीक्षानळीसुद्धा नाही. कसं फुटेल? प्रयोग मी करायचा, समोरच्या टेबलावर. मुलांनी हाताची घडी घालून बघायचं. "मागच्यांनो, दिसतंय ना?" असं मी विचारतो आणि मागचे सुरात म्हणतात, "हो सर." कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. बायको तिला माझं मंगळसूत्र म्हणते.

जुलैत खोकी आली. तिन्हींची डेडस्टॉकात नोंद केली, वर चिकटपट्टी होती ती तशीच ठेवली आणि कपाटात घालून कुलूप लावलं. चिकटपट्टी शाबूत तर कोणी बोट दाखवू शकत नाही. एवढंच माझं धोरण होतं, आणि मला ते फार चतुर वाटत होतं.

घरी सांगितलं. बायको टपाल खात्यात आहे, दिवसभर काउंटरवर पार्सलं घेते. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "आत काय आहे?"

"साहित्य."

"बघितलंत?"

"यादी आहे ना माझ्याकडे."

"यादी मी विचारली नाही. मी दिवसाला शंभर माणसांना विचारते, आत काय आहे. ज्याला सांगता येत नाही त्याचं पार्सल मी बाजूला ठेवते."

"तुझं टपाल वेगळं. इथे राजकारण आहे."

"असेल हो," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

राजकारण आहे याचा पुरावा मला हवा होता. बाईने दिलेल्या कार्डावर भायखळ्याचा पत्ता होता. एका शनिवारी मी भाजी आणतो म्हणून पिशवी घेऊन निघालो. भायखळ्याच्या बाजारातून आधी एक सुरण घेतला, म्हणजे कोणी विचारलं तर हातात काहीतरी असावं. मग तो पत्ता शोधला. जुनी इमारत, लाकडी जिना. पहिल्या मजल्यावर दोन दारं. एका दारावर त्या बाईच्या संस्थेची पाटी. आणि समोरच्या दारावर, अगदी तोंडासमोर, इस्टेट एजंटची.

मोजपट्टी, मोठी खोली, इस्टेट एजंट. सगळे धागे जुळले. मी संस्थेच्या अर्धवट उघड्या दारातून आत डोकावलो. तीन बायका जमिनीवर बसून छोट्या पिशव्यांत चुंबक भरत होत्या. एकीने वर बघितलं.

"कोण पाहिजे?"

"दाताचे डॉक्टर इथेच ना?"

"नाही ओ काका. सुरण घेऊन दातांच्या डॉक्टरकडे?"

मी जिना उतरलो. घरी बायको म्हणाली, "सुरण कोणी सांगितला होता?" मी पुरावा सांगितला. तिने सुरण सोलला, हात खाजले म्हणून कोकमाचं पाणी चोळलं, आणि एवढंच म्हणाली की इस्टेट एजंट आमच्याही चाळीखाली आहे, म्हणून आपण घर विकायला काढलंय का?

स्त्रियांना धागे दिसत नाहीत, असं मी तेव्हा मनात म्हणालो. हे वाक्य इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ते मलाच परत घ्यायचं आहे.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात बाई शाळेत आली. या वेळी मी दार उघडं ठेवलं होतं. टेबलं पुसली होती, डेडस्टॉकची वही उघडून ठेवली होती. मोठ्या बाईही वर आल्या. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की या संस्थेला आपल्या भागातल्या विज्ञान शिक्षकांसाठी एक केंद्र करायचं आहे. ज्या शाळेची प्रयोगशाळा निवडतील तिथे महिन्यातून एकदा बाकीच्या शाळांचे शिक्षक येतील. "म्हणजे खोली कोणाला द्यायचा प्रश्नच राहणार नाही," त्या म्हणाल्या. मला थोडा धक्का बसला. ती मोजपट्टी केंद्रासाठी होती तर.

बाईने निळी वही काढली. "सर, सुरुवात तुमच्यापासून. काय काय फुटलं?"

या प्रश्नाची मी बावीस वर्षं वाट बघत होतो. मी छाती काढली. "काहीही नाही."

"म्हणजे?"

"एकही वस्तू नाही. या प्रयोगशाळेत मी पहिल्या वर्षानंतर एक परीक्षानळी फुटू दिलेली नाही. वही बघा."

तिने वही बघितली नाही. माझ्याकडे बघितलं. "खोकी दाखवता?"

कमरेची किल्ली काढून मी कपाट उघडलं. तिन्ही खोकी एकावर एक, चिकटपट्ट्यांसकट. वरच्या खोक्यावर मीच खडूने लिहिलं होतं, 'हात लावू नये.'

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. खोकी मात्र होती तशीच होती.

बाईने विचारलं, "फोडू?" मी मान हलवली. तिने चिकटपट्टी ओढली. आवाज फार मोठा आला. खोक्यात सगळ्यात वर कागदांचा एक गठ्ठा होता. तिने तो मला दिला. छापील चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर तीन ओळी. काय फुटलं? काय करत असताना फुटलं? पुढच्या वेळी काय बदलाल? आणि खाली, 'ही चिठ्ठी पाठवा. नवीन वस्तू पाठवू.'

"तुमच्या प्रश्नावरून छापल्या," ती म्हणाली. "चाळीस जणांत फक्त तुम्ही विचारलंत. विचारायचं सगळ्यांनाच होतं. मी त्याच दिवशी लिहून घेतलं."

मी चिठ्ठी वाचत राहिलो. 'कोणी फोडलं' ही ओळ शोधत होतो. ती कुठेच नव्हती.

"दादरच्या शाळेने अकरा चिठ्ठ्या पाठवल्यात, सर. मला वाटलं तुमच्याकडे जास्त असतील."

मग ती कपाटाच्या काचेकडे बघत म्हणाली, "मी डिलाईल रोडला वाढले. आमच्या शाळेत पण असंच कपाट होतं. आत सूक्ष्मदर्शक होता. मधल्या सुट्टीत मी काचेला नाक लावून बघायचे. दहावीपर्यंत तेवढाच बघितला, काचेतून. कॉलेजात पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला कुठल्या बाजूने बघायचं तेच माहीत नव्हतं. सगळी पोरं हसली."

हे ती माझ्यावर ठपका ठेवायला म्हणत नव्हती. तसं असतं तर मला काहीतरी उलट बोलता आलं असतं.

केंद्र दादरच्या शाळेला गेलं. तिने ते तिथेच सांगितलं, लपवलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "मग आपल्या संस्थेच्या बैठकीत मी काय सांगू? वापर शून्य? ते क्लासवाले दर आठवड्याला फोन करतायत." माझ्या डोळ्यांसमोर ते अर्धं कपाट आलं, चित्रकलेच्या सरांच्या रंगाच्या बाटल्यांच्या वरचं.

बाईने बॅग खांद्याला लावली, उतरवली. म्हणाली, "मॅडम, सहामाही परीक्षेनंतर मी परत येते. दुसऱ्या केंद्राचं मला विचारणार आहेत. तोपर्यंत खोली देऊ नका, मी तसं पत्र पाठवते. सरांची यादी बघू."

"कसली यादी?" मी विचारलं.

"फुटलेल्या वस्तूंची."

त्याच दुपारी नववीचा तास होता. मी खोकी टेबलांवर मांडली आणि म्हणालो, "गट करा. मेणबत्तीचा प्रयोग आज तुम्ही करायचा. मागच्या वेळी मी जे कारण सांगितलं होतं ते चूक आहे. बरोबर काय ते मी सांगणार नाही. कडेकडे बघा."

वर्ग हलेना. हाताच्या घड्या तशाच. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हात लावू?"

"लाव."

"खरंच लावू?"

तिला दोनदा विचारावं लागलं याची नोंद कुठल्याही वहीत नाही. माझ्याकडे आहे.

पंधरा मिनिटांनी जो गोंधळ झाला तो मी दारात उभा राहून ऐकत होतो आणि जिन्यावर मोठ्या बाई येतात का तेही बघत होतो. सवय जात नाही. मग मागच्या टेबलावर काच फुटली. तीच मुलगी उभी होती, समोर मोजपात्राचे तुकडे. चेहरा पांढरा. मी काही बोलायच्या आधी तिने वहीचं पान फाडून वर लिहायला घेतलं होतं, 'खुलासा'. हे तिला कोणी शिकवलं असेल?

मी ते पान काढून घेतलं आणि तिला चिठ्ठी दिली. "बाजूला हो आधी, पायात जाईल. आता हे भर."

काय फुटलं? तिने लिहिलं, मोजपात्र. काय करत असताना फुटलं? तिने शेजारच्या पोरींकडे बघितलं. मग लिहिलं, 'चार मेणबत्त्यांचे बुडबुडे मोजताना पोरी ढकलत होत्या.' तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं, 'पोरी बदलू.'

माझ्या बावीस वर्षांतली ती पहिली चिठ्ठी. मी तिचा फोटो काढून पाठवला आणि कागद शर्टाच्या खिशात घेऊन घरी आलो.

बायको ओट्यापाशी कोळंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं. खोकी, चिठ्ठ्या, काचेला लावलेलं नाक, परीक्षेनंतरची मुदत. सुरणाच्या वेळी तिच्याबद्दल मनात जे म्हणालो होतो तेही सांगितलं, कारण ते मनात ठेवून झोप आली नसती. ती सोलत राहिली.

"तरी मला एक कळत नाही," मी शेवटी म्हणालो. "नवीन मोजपात्र पाठवतील कशावरून? आणि समज पाठवलं, तर का पाठवतील? त्यांना काय मिळतं यात? मला अजून तो इस्टेट एजंट..."

तिने कोळंबीचं भांडं नळाखाली धरलं, माझ्या कमरेच्या किल्लीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा ते कपाट बरं हो. ते निदान किल्लीने उघडतं."